लॅटिनो स्थलांतरितांची मुलं, सिगरेट आणि घरचं वळण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिनो मुलं बाकीच्या अमेरिकन मुलांपेक्षा जास्त सिगरेट ओढतात, खरं का?

नाही. हा समज इतका पक्का बसलाय की आधी तोच काढून टाकू. (लॅटिनो म्हणजे मेक्सिको, क्युबा अशा लॅटिन अमेरिकेतल्या देशांतून अमेरिकेत आलेले लोक आणि त्यांची पोरंबाळं.) २०२१ च्या अमेरिकन सरकारी सर्वेक्षणात मोठ्या माणसांमध्ये सिगरेट ओढणारे एकूण ११.५ टक्के होते, गोऱ्या लोकांत ११.७ आणि लॅटिनो लोकांत ७.७. म्हणजे सरासरीपेक्षा बरेच कमी. गरिबी जास्त, शिक्षण कमी, आरोग्य विमा नाही असे लोक सगळ्यात जास्त, तरी सिगरेट कमी, आणि हेच संशोधकांना वर्षानुवर्षं कोड्यात टाकतंय. नुसतं उत्पन्न बघून अंदाज बांधला तर आकडा उलटा यायला हवा होता.

शाळकरी मुलांचं बोलायचं तर आता सिगरेट हा छोटा भाग उरलाय. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सहावी ते बारावीच्या मुलांत सिगरेट ओढणारे १.४ टक्के आणि व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, ओढणारे ५.९ टक्के होते. त्यामुळे खाली जिथे सिगरेट म्हटलंय तिथे आजच्या मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा व्हेप पण समजा. फक्त जुनं संशोधन बहुतेक सिगरेटवरच झालंय हे लक्षात असू द्या.

कमीच ओढतात तर मग एवढी चर्चा कशाला?

दोन कारणं. एक म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांत मृत्यूच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक कॅन्सर आहे, आणि पुरुषांत कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत फुफ्फुसाचा सगळ्यात वर. दुसरं म्हणजे तो कमी आकडा पुढच्या पिढीत टिकेलच असं नाही. आज अमेरिकेत अठरा वर्षांखालच्या लॅटिनो मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं अमेरिकेतच जन्मलेली आहेत. सीमा ओलांडून आले ते आईवडील, मुलं इथलीच. म्हणून "स्थलांतरित तरुण" म्हणताना खरं तर आपण बऱ्याचदा स्थलांतरितांच्या पोरांबद्दल बोलत असतो, आणि सवयी बदलतात त्या नेमक्या या दोन पिढ्यांच्या मध्ये.

सगळे लॅटिनो सारखेच ना? मेक्सिकन काय, क्युबन काय?

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार ठिकाणी २००८ ते २०११ मध्ये सोळा हजारांवर लॅटिनो प्रौढांना एका मोठ्या अभ्यासात घेतलं होतं. त्यात पोर्तो रिकन पुरुषांत साधारण ३५ टक्के सिगरेट ओढणारे निघाले आणि बायकांत जवळपास ३३. क्युबन पुरुष ३१ च्या आसपास, बायका २२. आणि डोमिनिकन? पुरुष काय बायका काय, ११ ते १२ टक्के. एकाच शिक्क्याखालच्या लोकांत तिप्पट फरक. या सगळ्यांची सरासरी काढून "लॅटिनो असे असतात" म्हणणाऱ्या माणसाकडून मी तरी काही ऐकून घेणार नाही.

आता लोक लगेच म्हणतात की क्युबा म्हणजे सिगार, तंबाखूची भूमी, रक्तातच आहे. फ्लोरिडात टॅम्पातल्या यबोर सिटीत क्युबन कामगारांचे सिगारचे कारखाने होते, तिथे कामगार स्वतः वर्गणी काढून एक वाचक ठेवायचे, तो उंच स्टुलावर बसून दिवसभर पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा आणि खाली शेकडो हात सिगार वळत असायचे. १९३१ मध्ये मालकांनी ते बंद केलं. इतिहास म्हणून भारीच आहे हे, पण "तंबाखूचा देश म्हणून ओढतात" हा हिशोब डोमिनिकन लोकांपाशी साफ फसतो, कारण डोमिनिकन रिपब्लिक जगातल्या सगळ्यात मोठ्या सिगार निर्यातदारांपैकी एक आहे आणि तिथून आलेले लोक सगळ्यात कमी ओढतात, तेही त्याच ब्रॉन्क्समध्ये पोर्तो रिकन शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून.

पोर्तो रिकन लोकांचं वेगळेपण बघायचं तर पोर्तो रिको हे अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट, तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत पिढ्यानपिढ्या राहिलेत, आणि मेंथॉल, म्हणजे पुदिन्यासारख्या गार चवीच्या, सिगरेटच्या जाहिराती ज्या वस्त्यांवर खूप आदळल्या त्यांतल्याच या वस्त्या. म्हणजे अमेरिकेशी इतका जुना संबंध ज्यांचा, त्यांचा आकडा सगळ्यात वर. मला हे नुसतं योगायोगाने झालेलं वाटत नाही.

मग घरची संस्कृती मुलांना बिघडवते की वाचवते?

बहुतेक वेळा वाचवते. संशोधनात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एक फामिलिस्मो, म्हणजे घर आधी मग मी, निर्णय घेताना आई काय म्हणेल, आजीला काय वाटेल हे डोक्यात असणं. दुसरी रेस्पेतो, मोठ्यांचा मान ठेवणं, त्यांच्यासमोर उलट न बोलणं, त्यांच्यासमोर न ओढणं. लॉस एंजेलिसच्या हायस्कूलमधल्या लॅटिनो मुलांवर जेनिफर उंगर यांच्या टीमने बरीच वर्षं काम केलंय, त्यात ज्या मुलांमध्ये ही मूल्यं घट्ट होती ती व्यसनाकडे कमी वळताना दिसली. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला लागू नये. बाप गॅलरीत आला की सिगरेट खिडकीबाहेर भिरकावणारे काका आपल्याकडे काय कमी होते?

पण हा धाक दोन्ही बाजूंनी चालतो बरं का. आमच्या ओळखीतला एक साल्वाडोरियन मुलगा, वय पंधरा, आजी घरी असली की व्हेप मोज्यात घोट्यापाशी खोचून ठेवतो आणि पँट वरून ओढून घेतो. आजीसमोर ओढणं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. पण न ओढणं आणि आजीसमोर न ओढणं यातलं अंतर मोठं आहे, आणि मान ठेवायचा म्हणून जे घरात कधी बोललंच जात नाही ते घरच्यांना कळतही नाही.

अजून एक चांगली गोष्ट, लॅटिनो घरांत घराच्या आत सिगरेट ओढायची नाही असा नियम बरेचदा कडक असतो, घरात ओढणारा माणूस असला तरी. तो बिचारा पार्किंग लॉटमध्ये उभा असतो.

आणि घरातूनच सवय लागते ती?

तेही आहे, नाही कशाला म्हणू. बापापेक्षा मोठा भाऊ आणि चुलत-मावस भावंडं जास्त महत्त्वाची ठरतात. घरगुती पार्टी, क्विन्सेआन्येरा म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, मागच्या अंगणात मोठी पोरं जमलेली, पाकीट फिरतं आणि नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. चारचौघांत गोडीने वागायचं, वातावरण बिघडवायचं नाही हा पण त्यांच्या वळणाचाच भाग. त्यामुळे बरेच लॅटिनो स्मोकर रोजचे नसतात, शनिवार-रविवारचे असतात, दिवसाला दोन-तीनवाले असतात. असा माणूस स्वतःला स्मोकर मानतच नाही, डॉक्टरने विचारलं तर "नाही" सांगतो, आणि डॉक्टरही पुढे विचारत नाही.

मर्दानगीचा, ते माचो प्रकरणाचा, किती संबंध?

थोडाफार. पण सगळं त्याच्यावर ढकलायची फॅशन आहे ती मला पटत नाही. माचो असण्यात घरासाठी राबणं, पोरांसमोर चांगलं वागणं हे पण येतं, आणि सिगरेट सोडणारे बरेच बाप पोरांसाठीच सोडतात.

अमेरिकेत जास्त वर्षं राहिलं की सिगरेट वाढते म्हणतात, ते कितपत खरं?

मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं. पुरुषांच्या बाबतीत चित्र धूसर, काही अभ्यासांत वाढते, काहींत कमी होते, काहींत काहीच नाही. याचं कारण मूळ देशात बघावं लागतं. मेक्सिकोच्या २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुष २७.१ टक्के आणि बायका ८.७ टक्के सिगरेट ओढणाऱ्या होत्या. म्हणजे पुरुष येतानाच सवय घेऊन आलेला असू शकतो, इथे आल्यावर महाग पाकीट, ऑफिसात बंदी, रेस्टॉरंटमध्ये बंदी, त्यामुळे कदाचित कमीच होते. बाईला मात्र तिकडे "बाईमाणसाने ओढायचं नाही" असं बंधन होतं आणि इथे ते सैल होतं. शाळेतल्या मुलीला तर ते बंधन कुणाचं आहे हेच दिसत नाही, तिच्या मैत्रिणींच्या आयांनी कधी असं म्हटलेलं तिने ऐकलेलं नसतं.

पण "अमेरिकन होणं" मोजतात कसं हे पण जरा बघा. १९८७ मध्ये हेरार्डो मारीन आणि सहकाऱ्यांनी १२ प्रश्नांची एक पट्टी केली, ती आजही वापरात आहे. घरी कुठली भाषा बोलता, विचार कुठल्या भाषेत करता, टीव्ही कुठल्या भाषेत बघता, मित्र कोण आहेत, अशा धाटणीचे प्रश्न. काम सोपं होतं हे खरं, पण बऱ्याच अभ्यासांत शेवटी इंग्लिश येणं म्हणजेच अमेरिकन होणं असं धरलं जातं. घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्लिश दोन्ही झकास बोलणारी मुलगी या पट्टीवर मधे कुठेतरी लटकते, जेव्हा की अशी दोन्हीकडची मुलं बऱ्याचदा सगळ्यात भक्कम असतात.

आईवडील आणि मुलांमधली दरी म्हणता ती नक्की काय?

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मूल शाळेत जातं, दोन वर्षांत इंग्लिश शिकतं. बाप बांधकामावर किंवा हॉटेलच्या किचनमध्ये, आजूबाजूला सगळे स्पॅनिश बोलणारे, त्याचं इंग्लिश दहा वर्षांनीही तिथेच. मायामीत होसे सापोचनिक यांनी १९७० च्या दशकात क्युबन कुटुंबांसोबत काम करताना हेच पाहिलं की पोरं भराभर अमेरिकन होतात, आईबाप हळूहळू, आणि भांडणं त्या मधल्या अंतरात पेटतात. पुढे समाजशास्त्रज्ञ आलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाऊत यांनी मायामी आणि सॅन डिएगोमधल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांचा पाठपुरावा करून दाखवलं की मुलं आणि आईवडील बरोबरीने बदलले तर ठीक चालतं, मुलं एकटीच पुढे पळाली तर पालकांचा अधिकारच गळून पडतो.

हे कसं दिसतं ते सांगते. मी एका शाळेत मदतनीस म्हणून जायचे तिथे एका तेरा वर्षांच्या मुलाच्या बॅगेत व्हेप सापडला, आईला बोलावलं. दुभाषी नव्हता, नियमाने शाळेने द्यायला हवा पण त्या दिवशी नव्हता. बाई इंग्लिशमध्ये सांगतायत की हे दुसऱ्यांदा झालंय, पुढच्या वेळी सस्पेंड करू, आणि मुलगा आईला स्पॅनिशमध्ये सांगतोय की कुणाचं तरी दप्तर बदललं होतं आणि बाई म्हणतायत काळजी करू नका. आई मान हलवतेय, बाईंचे आभार मानतेय. मला मोडकंतोडकं स्पॅनिश येतं तेवढ्यावरही ते कळत होतं.

तो मुलगा काही वाईट नव्हता. बँकेचं पत्र, डॉक्टरची अपॉइंटमेंट, घरमालकाशी भाडं, सगळं तोच बोलायचा. ज्या पोराच्या हातात घराचा सगळा बाहेरचा व्यवहार असतो त्याला "तुला काय कळतंय" कसं म्हणणार? फामिलिस्मो तसाच असतो, प्रेमही तसंच, पण धाक धरायला लागणारी माहिती आईकडे पोचतच नाही. म्हणून मुलांनी संस्कृती सोडली म्हणून ती ओढायला लागली असं कुणी म्हणालं की मला अर्धवट वाटतं, बऱ्याच वेळा मुलाने काही सोडलेलं नसतं, आई आणि शाळा यांच्यामधला रस्ता तेवढा त्याच्या ताब्यात गेलेला असतो.

भेदभावाचा आणि पोलिसांच्या, इमिग्रेशनच्या भीतीचा परिणाम होतो का?

होतो. दुकानात पाळत ठेवणारा गार्ड, वर्गात "तू खरा कुठला?" हे प्रश्न ज्या मुलांना जास्त जाणवतात त्यांच्यात उदासी जास्त आणि त्या उदासीतून सिगरेट जास्त, असा दुवा लॅटिनो किशोरांच्या अभ्यासांत सापडलाय. कागदपत्रं नसलेल्या पालकाची मुलं तर रोज दुपारी घरी कोण सापडेल या विचारात असतात. चार मिनिटं डोकं शांत करणारी स्वस्त गोष्ट म्हणून निकोटिन हाताशी येतं.

कंपन्यांचा हात किती?

भरपूर. १९८० च्या दशकात लॅटिनो ग्राहक डोळ्यासमोर ठेवून "रिओ" आणि "दोराडो" नावाच्या सिगरेट बाजारात आणल्या होत्या, त्या चालल्या नाहीत ही वेगळी गोष्ट. सिंको दे मायो या मेक्सिकन सणाचे मेळे, संगीताचे कार्यक्रम, लॅटिनो संस्थांना देणग्या, हे सगळं तंबाखू कंपन्यांच्या पैशावर बराच काळ चाललं. १९९८ मध्ये राज्यांशी झालेल्या मोठ्या समझोत्यानंतर होर्डिंग आणि कार्टून बंद झाली, प्रायोजकत्वावर मर्यादा आल्या. मग पैसा दुकानात शिरला. गरीब आणि लॅटिनो वस्त्यांत तंबाखू विकणारी दुकानं जास्त दाट आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या लिकर स्टोअरमध्ये काउंटरवर चिंच-तिखटाच्या मेक्सिकन गोळ्यांची बरणी, तिच्या बरोबर मागे भिंतभर पाकिटं, आणि मेंथॉलच्या ऑफरचा बोर्ड सात वर्षांच्या पोराच्या नजरेच्या उंचीवर. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये मतदान घेऊन फ्लेवरवाल्या तंबाखूची दुकानातली विक्री बंद केली तेव्हा कुठे तो बोर्ड गेला. देशभर मेंथॉल सिगरेट बंद करायचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला होता, तो जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

मूळ देशांत परिस्थिती काय आहे? तिकडूनच सवय येते का?

देशागणिक वेगळं. मेक्सिकोत सुटी सिगरेट विकायला बंदी आहे तरी टपरीवर, सिग्नलला सर्रास मिळते, आपल्याकडच्या पानटपरीसारखीच. पण त्याच मेक्सिकोने जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक जागांवर धूम्रपान आणि जाहिराती यांवर जगातल्या कडक कायद्यांपैकी एक लागू केला. उरुग्वेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष तबारे वास्केस स्वतः कॅन्सरचे डॉक्टर, त्यांनी २००६ मध्ये सगळ्या बंदिस्त सार्वजनिक जागा धूरमुक्त केल्या, पुढे फिलिप मॉरिसने उरुग्वेवर केस केली आणि २०१६ मध्ये कंपनी हरली. उलट चिलीत शाळकरी मुली मुलांपेक्षा जास्त ओढताना आढळल्या होत्या. त्यामुळे "लॅटिन अमेरिकेत सगळे ओढतात" हे पण सोडून द्या.

तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्या मुलांबद्दल ऐकलं, ते काय आहे?

नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया या राज्यांत तंबाखूच्या शेतात लॅटिनो स्थलांतरितांची मुलं काम करतात. ह्युमन राइट्स वॉचने २०१४ मध्ये अशा १४१ मुलांशी बोलून अहवाल काढला, त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांनी मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर असं काही ना काही सांगितलं. ओल्या पानांतून निकोटिन कातडीत जातं, त्याने हे होतं. मुलं अंगावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या भोकं पाडून घालत होती. केंद्राच्या कायद्याने बारा वर्षांचं मूल पालकांच्या परवानगीने शेतात मजुरी करू शकतं, आणि तंबाखू विकत घ्यायला मात्र २०१९ च्या डिसेंबरपासून २१ वर्षं पूर्ण लागतात! अहवालानंतर मोठ्या कंपन्यांनी सोळाखालच्या मुलांना कामावर न ठेवण्याची अट घातली, पण कायदा तिथेच आहे. यावर संस्कृतीचे सिद्धांत मांडणारे लोक फारसे बोलत नाहीत.

मुलांनी सुरूच करू नये यासाठी काय उपयोगी पडतं?

फिनिक्समध्ये ३५ शाळांत एक कार्यक्रम करून बघितला, मुलांनीच सांगितलेल्या किश्श्यांवरून धडे, नकार कसा द्यायचा, कारण कसं सांगायचं, टाळायचं कसं, निघून कसं यायचं. एक आवृत्ती खास मेक्सिकन वळणाची, एक गोऱ्या-काळ्या मुलांच्या वळणाची आणि एक मिश्र. फायदा झाला, पण गंमत म्हणजे मेक्सिकन मुलांना खास मेक्सिकन आवृत्तीचा मिश्र आवृत्तीपेक्षा ठळक जास्त फायदा झाला नाही. धड्यात तोर्तिया घातली की काम झालं असं नसतं तर.

मला जास्त आवडतो तो मायामीतला फामिलियास उनिदास हा कार्यक्रम. यात पोरांपेक्षा पालकांना एकत्र बसवतात, स्पॅनिशमध्ये, शाळा कशी चालते, मुलाच्या मित्रांच्या आईबापांना कसं ओळखायचं, रागावल्याशिवाय कसं विचारायचं. २००७ मध्ये छापून आलेल्या चाचणीत २६६ मुलं आणि त्यांचे पालक होते, आणि तुलनेसाठीच्या गटांतल्या पालकांना इंग्लिशचे वर्ग दिले होते. सिगरेट कमी झाली ती फामिलियास उनिदासवाल्या गटात. म्हणजे आईला इंग्लिश शिकवणं वाईट नाही, पण तेवढ्याने पुरत नाही, तिला पोराच्या जगात उभं राहायला जागा लागते.

आम्ही अमेरिकेतले मराठी पालक, आम्हाला हे लागू होतं का?

सरसकट नको लावू. आपल्यातले बरेच पालक इंग्लिश येतच इकडे आलेले, त्यामुळे दुभाषी पोराचा प्रसंग आपल्या घरात क्वचित. तंबाखूचा नमुनाही वेगळा, २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे, मळणारे, तोंडात ठेवणारे २४.४. पण "आमचा मुलगा असलं काही करणार नाही" हे वाक्य मात्र दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. व्हेपला सिगरेटसारखा वास नसतो, बरेचदा पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यामुळे शर्टाचा वास घेऊन तपासणाऱ्या आयांची पद्धत आता निरुपयोगी.

कुणाला सोडायची असेल तर मदत कुठे?

स्पॅनिशमधून देशभर चालणारा फुकट नंबर १-८५५-३३५-३५६९. कॉल करायला विमा लागत नाही, कागदपत्रं कुणी विचारत नाही, हे ओळखीच्या लॅटिनो कुटुंबांना मुद्दाम सांगा कारण त्याच भीतीने लोक फोन करत नाहीत. भारतात असाल तर १८००-११-२३५६. आणि रोज न ओढणाऱ्या, फक्त पार्टीत ओढणाऱ्या माणसानेही फोन केला तरी चालतो.